साखरपुडा व्हाया साखर कारखाना

हिवाळ्यासाठी कुठली गाडी घ्यावी, हा प्रश्न साताऱ्यात कुणाला पडत नाही. साताऱ्यात हिवाळ्यासाठी कानटोपी घेतात. पण आमचा पुतण्या मंदार माँट्रियलला असतो आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिथल्या अडचणी आम्हाला इथं सोडवायला लावतो. आम्ही गाडी बघतोय म्हटल्यावर त्यानं पहिला प्रश्न केला, "काका, विंटर टायरचं काय?" त्यांच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च बर्फाचे टायर कायद्यानं सक्तीचे आहेत म्हणे. शिवाय सीट गरम होणारी हवी, ताकद चारही चाकांना जाणारी हवी आणि रात्री इंजिनाला विजेची वायर जोडून ऊब द्यायची सोय हवी. आत्या शेजारी वाती वळत होती. म्हणाली, "एवढं तर आम्ही व्यालेल्या म्हशीचंसुद्धा केलं नाही रे."

आता आमच्या जिल्ह्यात बर्फ अगदीच नसतो असं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात ऐन थंडीत एखाद्या पहाटे दव गोठतं. स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या टपांवर पांढरा थर धरतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या टपांचा फोटो येतो आणि पर्यटक बोटानं तो थर खरवडून नातेवाइकांना काश्मीर म्हणून पाठवतात. ऊन आलं की संपलं. आमचा खरा हिवाळा निराळा आहे. माँट्रियलच्या रस्त्यावर ज्या महिन्यांत बर्फ पडतो, त्याच महिन्यांत कराड-सांगलीच्या रस्त्यावर ऊस पडतो. कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर उतरतात, आणि पहाटे कृष्णाकाठी धुकं. यावर उपाय असलेला टायर अजून निघालेला नाही.

मी चाळीसेक वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे गाडीतलं मला काही कळत नाही. आमच्या घराण्याचं वाहनज्ञान प्रिया स्कूटरवर सुरू झालं. ती साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार व्हायची, म्हणून वडील तिला माहेरवाशिणीच्या मानानं वागवत. पुढं एक जुनी मारुती ८०० आली. तिच्यात आम्ही सगळे बसायचो, आणि कसे बसायचो हे आता कुणालाच सांगता येत नाही. गाडीतले आमच्याकडचे अधिकारी पुरुष म्हणजे कोरेगावचे दाजी. टाटांची सुमो २०१९ साली बंद झाली, तेव्हापासून दाजी मोटार-उद्योगाशी बोलत नाहीत. "सुमंत मुळगावकरांच्या नावाची गाडी होती, मास्तर! ती बंद करतात म्हणजे काय?" असं ते अजूनही लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाला विचारतात.

याच दाजींनी ओळखीतून एक सात आसनांची जुनी डिझेल गाडी शोधून काढली. मालक म्हणाले, एक दिवस न्या, चालवून बघा, मग बोलू. दुसऱ्याच दिवशी सांगलीला मंदारच्या धाकट्या भावाचा साखरपुडा होता. नवरामुलगा आणि त्याचे आईवडील आदल्या रात्रीच पुढं गेले होते, आणि जाताना साखरेचा पुडा आमच्या देवघरात विसरले होते. चाचणी आणि पुडा, दोन्ही एका फेरीत.

पहाटे पाचला निघायचं म्हणून पावणेसहाला निघालो. माझा मुलगा प्रसाद चालवायला, शेजारी दाजी. मध्ये आत्या, आमची ही, सूनबाई आणि तिच्या मांडीवर नातू. मी कुटुंबप्रमुख असल्यामुळे मला शेवटची सीट. तिथं माझ्याबरोबर ताई, कंदी पेढ्यांचे खोके, नारळांची पिशवी आणि मांडीवर पुडा. हात बाहेर काढून "पेठ, पेठ, पेठ" एवढं कुणी ओरडलं असतं, तर वडाप म्हणून पोवई नाक्यावर आणखी दोघं चढली असती.

गाडी सुरू करताना दाजींनी प्रसादचा हात धरला. "थांब. ती पिवळी खूण विझू दे." डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबून तापलेल्या हवेतच इंधन पेटतं. थंडीत ती हवा पुरेशी तापत नाही, म्हणून आधी आतल्या काड्या तापवाव्या लागतात. खूण विझली, गाडी पहिल्या चावीला लागली. "झाली की हिवाळ्याची परीक्षा," दाजी म्हणाले. "शंभरपैकी शंभर. सांगा तुमच्या माँट्रियलला."

अजिंक्यतारा डावीकडे होता की उजवीकडे, ते मला पेढ्यांच्या खोक्यांमुळे सांगता येत नाही. तासवड्याच्या टोलनाक्यापर्यंत सगळं ठीक होतं. पेठ नाक्यावरून आत वळलो, इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर, मागं टाकलं, आणि आष्ट्याच्या अलीकडे जग संपलं.

मी मागून समजावून सांगितलं. निरभ्र रात्र, वारा पडलेला, उसाला पाणी पाजून ओली झालेली जमीन आणि जवळ कृष्णा. जमीन रात्रभर उष्णता सोडत जाते, तिच्या लगतची दमट हवा गार पडते, की धुकं धरतं. "मास्तर," दाजी म्हणाले, "रस्ता कुठं धरतो ते सांगा."

प्रसादनं मोठा दिवा लावला. समोर पांढरी भिंत उभी राहिली. पाण्याचे कण तो सगळा उजेड परत आपल्याच डोळ्यांत फेकतात. दिवा खालीच ठेवायचा असतो. तो त्यानं खाली केला. मग दाजींनी चारी इंडिकेटर लावले, ते सुनेनं बंद करायला लावले, कारण चारही लुकलुकत असले तर आपण वळतोय हे मागच्याला कसं कळणार? दाजी रुसले. तेवढ्यात पुढची काच आतूनही धुरकटली.

बाहेर गार काच, आत आठ तोंडं, त्यात आत्याचं अखंड नामस्मरण. आमचे सगळ्यांचे श्वास काचेवर जाऊन बसले होते. प्रसादनं रुमालानं पुसलं, दाजींनी मफलरनं पुसलं, हिनं पदरानं पुसायला पुढं वाकून प्रसादचा चष्माच पुसला. याला उपाय एकच, आणि तो प्रसादला माहीत होता. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. ती कोरडी हवा, हवी तर गरम करून, काचेवर सोडली की अर्ध्या मिनिटात काच लख्ख. त्यानं बटणाकडे बोट नेलं.

"थंडीत एसी?" आत्या म्हणाली.

"आत्याआजी, गरम हवा येते त्यातून."

"एसीतून?"

"एसी फक्त ओलावा..."

"बाळ," ती माझ्याकडे वळून म्हणाली (मी सहासष्ट वर्षांचा आहे), "तुझ्या पोराला माझा न्यूमोनिया बघायचाय."

मी शास्त्र सांगू लागलो. ही म्हणाली, तुम्ही गप्प बसा, तुम्हालाही कफ आहे. ताई म्हणाली, मागं तर एसी येतच नाही, मग आम्ही का मत द्यायचं? मतदान एसीच्या विरोधात गेलं. तडजोड म्हणून चारही खिडक्या खाली केल्या. बारा-तेरा अंशांची हवा थेट आत येऊ लागली, आणि ती मात्र आत्याला चालली, कारण ती देवाची होती.

खिडक्या उघड्या होत्या म्हणून समोरची ट्रॉली आम्हाला दिसायच्या आधी ऐकू आली. ट्रॅक्टरवर कर्णे लावले होते आणि गाण्यातली नायिका एवढ्या पहाटे कुणाला तरी शपथ घालत होती. मग एकदम गाडीच्या नाकासमोर उसाची भिंत. दिवा नाही. लाल पट्टी नाही. दोन ट्रॉल्या मिळून पंधरा-वीस टन माल, बाजूंनी वाढे लोंबतायत, आणि मागं फक्त कुणाचं तरी आशीर्वाद देणारं चित्र. मला या गोष्टीचा खराखुरा संताप येतो. दर हंगामाच्या आरंभी कुणी तरी पुढारी एका ट्रॉलीला लाल पट्टी चिकटवताना फोटो काढून घेतो, आणि तीच ट्रॉली पुढच्या हंगामात पुन्हा फोटोला येते. बाकीच्यांवर आम्ही आदळायचं.

दाजींनी निर्णय दिला, "याच्या मागंच राहा. त्याला रस्ता पाठ आहे."

राहिलो. गाणं पुढं, आम्ही मागं. नायिका बदलली, गाणं बदललं, नातू ताल धरू लागला. एकदा डावीकडे वळल्यासारखं वाटलं. मग रस्ता खडबडीत झाला. "पेठ-सांगली रस्ता आहे, असंच चालायचं," ताई म्हणाली. मग मळीचा वास आला. मग ट्रॅक्टर थांबला, आम्ही थांबलो, आमच्यामागं दुसरा ट्रॅक्टर येऊन थांबला, आणि धुक्यातून हातात बॅटरी घेतलेला एक माणूस खिडकीशी आला.

"पाव्हणं, ऊस कुठाय?"

कुणालाच उत्तर सुचेना.

"गट कुठला तुमचा?"

"बी पॉझिटिव्ह," आत्या म्हणाली.

आम्ही साखर कारखान्याच्या यार्डात, वजनकाट्याच्या रांगेत उभे होतो. पुढं सहा-सात ट्रॉल्या, मागं किती ते धुक्याला माहीत. एका बाजूला लोखंडी कठडा, दुसऱ्या बाजूला बैलगाड्यांची रांग. वॉचमननं टोपी मागं सारून डोकं खाजवलं. "आता काट्यावरनंच भायेर. दुसरी वाट न्हाई." मागचा ट्रॅक्टरवाला खाली उतरून आम्हाला बघून गेला. त्याचं बरोबर होतं. ऊस तुटल्यापासून तासातासाला वजन घटतं, उतारा घटतो, आणि त्याच्या नंबरात एक खानदान शिरलं होतं.

सांगलीहून वहिनींचा फोन आला. "कुठं पोचलात?"

"कारखान्यात," दाजी म्हणाले.

"पुडा कुठाय?"

"मास्तरांच्या मांडीवर."

"मग साखर आणि तिथनं कशाला घेताय?"

तेवढ्यात मंदारचाही व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे रात्र होती, खिडकीबाहेर बर्फ. "काका, स्नोमध्ये अडकलात का?" असं त्यानं विचारल्याचं आठवतं. दाजींनी फोन फिरवून त्याला चारी बाजूंचा ऊस दाखवला.

आत्याला थंडी वाजू लागली होती, पण एसीच्या विरोधात मत दिलेलं असल्यामुळे ती तसं म्हणू शकत नव्हती. बैलगाड्यांच्या रांगेत पाचटाची शेकोटी पेटलेली होती. तिथली एक बाई म्हणाली, "या मावशी, शेका." आत्या गेली, मग आम्ही सगळेच गेलो. बाई बीड जिल्ह्यातली. नवरा-बायको मिळून एक कोयता, तसे टोळीत किती तरी कोयते आले होते. दसरा-दिवाळीला घर सोडायचं, ते हंगाम संपला की परत. गाडीच्या साट्यात, उसाच्या मोळ्यांपुढं जी वीतभर जागा उरते तिथं गोधडीत वर्षा-दीड वर्षाचं पोर झोपलेलं होतं. गाडीला मागं सुतळीनं एक जुनी सीडी बांधली होती. उजेड पडला की चमकते, ती म्हणाली.

मी माझा ट्रॉल्यांवरचा संताप तिच्यापुढं मांडला. मास्तरांची सवय. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमचे दिवे आम्हाला लांबूनच दिसतेत बघा. तुम्हाला आम्ही दिसलो का नाही, ते कळत नाही. म्हणून लेकराला म्होरं ठेवते."

आत्यानं पेढ्यांचा एक खोका फोडला. आहेराचा होता. हिनं एरवी यावर चार दिवस बोलून काढले असते. तिनं दुसरा खोका आणून दिला.

ऊन वर आलं, धुकं फाटलं आणि आमचा नंबर लागला. रिकामी काटा पार करायला मिळेल असं आम्हाला वाटलं होतं, पण काट्यावरच्या बाबूनं काचेमागून आकडा सांगितलाच: २ टन २६० किलो. "उतरून परत एकदा घ्या," ताई म्हणाली. दाजी खूश. डिझेल, टायर, ब्रेक यांवर भार किती येतो हे सर्टिफिकेटासकट कळलेली ही सातारा जिल्ह्यातली पहिली चाचणी, असं त्यांचं म्हणणं. एम एच ११ ची गाडी उसाविना वजन करून चाललीये ही बातमी यार्डभर पसरली होती, आणि बाहेर पडेपर्यंत आम्हाला हात करायला माणसं थांबली होती.

सांगलीत साडेबाराला पोचलो. मुहूर्त साडेदहाचा होता. गुरुजींनी तोवर दुसरा मुहूर्त काढून ठेवला होता, यजमानाला मुहूर्त पाहिजे असला की तो निघतोच. पुडा दिला. जेवण उत्तम. संध्याकाळी गणपतीचं देऊळ पाहिलं आणि १९२९ चा आयर्विन पूल. त्याच्याखाली पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. आता हिवाळ्यात नदी गप्प होती आणि वर व्याही मंडळी गाडीच्या पाटीकडे बघून सातारकर वेळेवर कधीच येत नाहीत, यावर बोलत होती. परत येताना आत्या पुढच्या सीटवर बसली. कऱ्हाडच्या पुढं काच पुन्हा धुरकटली तेव्हा तिनं स्वतःच विचारलं, "ते बटण कुठलं रे?"

सकाळी मालकांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, आत वाकून पाहिलं. पायपुसणीवर वाढे, पाचट, पेढ्याचे कण, मागच्या सीटखाली उसाचं एक कांडं. ते काही बोलायच्या आत आत्याचा फोन दाजींच्या मोबाइलवर आला आणि स्पीकरवरून व्यवहार तिनं केला. गाडी घेतली. भावातून दहा हजार कमी. विंटर टायर नको. "आणि मागं त्या लाल पट्ट्या लावून द्या," ती म्हणाली, "चांगल्या रुंद. आणि दहा-बारा पट्ट्या जास्तीच्या द्या, आमच्याजवळ."

"जास्तीच्या कशाला, आजी?"

"बैलगाडीला."

मालकांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मालक म्हणाले, "देतो. पण त्याचे पैसे वेगळे पडतील."