मनाली पुरे, आता न्हावीचा फोटो काढा

दिवाळीची सुट्टी संपली की फैजपुरात घरोघरी मोबाइल या हातातून त्या हातात फिरतात. बर्फातली मनाली, गोव्याचा सूर्यास्त, उदयपूरचा तलाव. असे फोटो काढावेत, अवश्य काढावेत. हाती कॅमेरा असला की प्रवासात नजर जागी राहते. पण त्याच मोबाइलमध्ये न्हावी गावच्या रस्त्याचा, मळ्यातल्या सालदाराचा, आठवडे बाजारातल्या भाजीवालीचा एखादा नीट फोटो शोधा. सापडत नाही. हिमाचलचा डोंगर दहा बाजूंनी टिपलेला असतो आणि घराच्या गच्चीवरून रोज दिसणारा सातपुडा एकदाही नसतो. हे मला मनापासून खटकतं.

चांगल्या फोटोसाठी लांब जावं लागतं, हा समज आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या माणसाने कधीच खोटा ठरवला आहे. चाळीसगावचे केकी मूस. जन्म १९१२ चा, शिक्षण इंग्लंडपर्यंत. परत आले आणि पुढची कित्येक दशकं घराचा उंबरठा त्यांनी क्वचितच ओलांडला. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, दिव्यांचा उजेड हवा तसा वळवायचा आणि पाहणाऱ्याला अख्खं निसर्गदृश्य दाखवायचं, ही त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी. त्यावर त्यांना देशविदेशातली शेकडो पारितोषिकं मिळाली. रेल्वेने येणाऱ्या कुणाची तरी ते आयुष्यभर वाट पाहत होते, ही गोष्ट लोक चवीने सांगतात. मला त्यांचं टेबल जास्त मोलाचं वाटतं. १९८९ मध्ये ते गेले. त्यांचं घर आज कलादालन म्हणून जपलेलं आहे. अजिंठा बघायला निघालेल्या खानदेशी कुटुंबाने एकदा तरी चाळीसगावची वाट धरावी.

आपल्याला तर घरात बसायचीही गरज नाही. सकाळी सातला केळीच्या बागेत जा. ऊन कलतं असतं आणि रुंद पानांतून आरपार येतं. पानाची शीर न् शीर दिसते. मोबाइलच्या पडद्यावर उजेडाच्या जागी बोट टेकवा, उजेड थोडा कमी करा आणि मग काढा. बागेत आत उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर हिरवट झाक येते, म्हणून त्याला बांधाकडे तोंड करून उभं राहू द्या. एप्रिल-मेच्या भर दुपारी मात्र कॅमेरा खिशात ठेवा. ते ऊन सगळे रंग खाऊन टाकतं.

आणि नुसता निसवलेल्या केळीचा एक फोटो काढून थांबू नका. मृगबाग असो की कांदेबाग, लागवडीपासून कापणीपर्यंत साधारण वर्ष जातं. महिन्यातून एकदा त्याच बांधावर, त्याच जागी उभे राहा. कंद, पान, केळफूल, घड, मग डोक्यावर घड घेऊन निघालेला मजूर आणि गाडीत केळीचीच पानं अंथरून लावलेला माल. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण बाजारात, पत्रकावर, पेटीवर दिसतो तो पिवळाधमक घड. तो वाढवणारे हात कुठे दिसतात?

हिवाळ्यात शेतात भरीत होतं, तेव्हाही हेच करा. ताटाचा फोटो सगळेच काढतात. त्याआधीचा काढा. काट्यांच्या जाळावर वांगी टाकली की धूर उठतो. सूर्य धुराच्या पलीकडे राहील असे उभे राहा, धुराला आकार येतो. मग बडगीत वांगी ठेचणारे हात, कळण्याच्या पुऱ्या लाटणारी माय. पक्ष्यांची हौस असेल तर थंडीत हतनूरच्या जलाशयावर स्थलांतरित पक्षी येतात. तिथे लांब पल्ल्याची लेन्स लागते, हे खरं. बाकी सगळ्याला हातातला मोबाइल पुरतो.

हा नुसता वेळ घालवायचा छंद नाही, हे फैजपूरला तरी वेगळं सांगायला नको. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथे झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या सामानातून टिळकनगर उभं केलं. अधिवेशन संपलं, बांबू उतरले, नगर गेलं. ते कसं दिसत होतं हे आज कळतं ते मुख्यतः फोटोंमुळे: बैल जोडलेला रथ, कमानी, गर्दी. पण त्या फोटोंतल्या पुढाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. ज्यांनी बांबू तोडले, पाणी भरलं, हजारोंचा स्वयंपाक रांधला, ती आपल्या गावांची माणसं गर्दीत कुठेतरी आहेत, बहुतेक बिननावाची.

पुढे सेवाग्रामात कनू गांधी या तरुण चुलत नातवाने बापूंचे फोटो काढायची परवानगी मागितली. ती तीन अटींवर मिळाली: फ्लॅश वापरायचा नाही, फोटोसाठी थांबायला किंवा बसायला सांगायचं नाही, आश्रमाचा पैसा मिळणार नाही. कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये घनश्यामदास बिर्लांनी दिले. हौशी फोटोग्राफरला यापेक्षा चांगली शिकवणी मी वाचलेली नाही. उजेड असेल तसा घ्या. माणसाला त्याचं काम करू द्या. महागड्या लेन्ससाठी घरचं बजेट मोडू नका. त्यात माझी एक अट जोडतो: अनोळखी माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नका आणि काढलात तर त्याला एक प्रत नेऊन द्या. सालदाराच्या घरात भिंतीवर लावायला स्वतःचा कामातला फोटो असावा, यात केवढा मान आहे!

अधिवेशनाला डिसेंबर २०३६ मध्ये शंभर वर्षं पूर्ण होतील. तेव्हा आजच्या फैजपूरचे फोटो कुणीतरी मागेलच. मोबाइल बदलला की फोटो जातात, म्हणून दर महिन्याला निवडक चार फोटो कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा. घरातल्या जुन्या पेटीत १९३६ चा एखादा फोटो असेल तर आजोबा-आजी आहेत तोवर त्यांच्यासमोर धरा, त्यातल्या प्रत्येकाचं नाव विचारा आणि याच आठवड्यात लिहून ठेवा.