छोटा कॅमेरा कसा पारखावा

हौशी छायाचित्रकाराने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: आपण फोटो काढायला कॅमेरा घेत नाही आहोत. फोटो काय, मोबाइलवालेही काढतात. आपण कॅमेरा पारखतो.

बोराबाजारातल्या दुकानात शिरल्या शिरल्या किंमत विचारू नये, सेन्सर विचारावा. दुकानदार ‘एक इंचाचा’ म्हणाला, की खिशातून पट्टी काढावी. हा सेन्सर असतो 13.2 बाय 8.8 मिलिमीटर, कर्ण धरला तरी सोळाच्या आतच. इंच आला जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून. नळी गेली, इंच राहिला. हे सगळं शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावं. बहुतेक मोबाइलच्या सेन्सरपेक्षा हा मोठाच आहे, पण ते कबूल करायची घाई नको.

मग लेन्स. सोनीच्या 2012 सालच्या पहिल्या आरएक्स100 वर 1.8 हा आकडा वाचून हरखून जायचं असतं. त्यापुढचा 4.9 वाचणं रसिकाला शोभत नाही. झूम पूर्ण ताणला की अ‍ॅपर्चर तिथवर येतं आणि उजेड सातव्या हिश्शाहून कमी उरतो. लग्नाच्या हॉलात मागच्या रांगेतून अंतरपाट टिपणाऱ्यांनी डेमो पीस झूम ताणूनच पाहावा.

झूम हा ज्यांना बाळबोधपणा वाटतो, त्यांच्यासाठी रिकोचा जीआर थ्री. झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीन वळत नाही. जेवढं कमी, तेवढा घेणारा जाणकार! सेन्सर मात्र बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो तेवढा, आणि वजन 257 ग्रॅम. बॅटरी कंपनीच्याच हिशेबाने सुमारे 200 फोटो पुरते, म्हणून दुसरी बॅटरी आणि तिच्याबद्दलचं तत्त्वज्ञान सोबत बाळगावं.

खरी परीक्षा आयएसओ 6400 ला. दुकानाच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइट पोचत नाही तिथे कालनिर्णय लटकत असतं. त्याचा फोटो काढावा, स्क्रीनवर होईल तेवढा मोठा करावा. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ वाचता आली तर कॅमेरा पास. वाचता आली नाही तर आधी चष्मा पुसावा.

पास झाला तरी लगेच घेऊ नये. नवं मॉडेल येतंय असं मित्र म्हणालेला असतोच. तो गेल्या दिवाळीतही हेच म्हणाला होता.

आणि घेतलाच, तर भारतातल्या वॉरंटीचं पक्कं बिल मागा आणि मेमरी कार्ड वेगळं घ्या. बॉक्समध्ये ते सहसा नसतं.