दोन ते चारचा पहारा

नेवासे तालुक्यात माझं आजोळ. गावात हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकायची नाही, असा दंडक. त्यासाठी पहाऱ्यांची यादी लागते. संध्याकाळचे पहारे वजनदार मंडळी आधीच धरून ठेवतात, कारण पुढाऱ्यांच्या गाड्या यायची वेळ तीच. रात्री दोन ते चार मात्र वर्षानुवर्षं आमच्या मामांकडे.

या वेळी शरीराचं तापमान घसरलेलं असतं आणि मेंदू सगळ्यात आळशी. त्यातून मामा दिवसभर शेतात राबलेले. माउलींनी १२९० साली याच नेवाशात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. मामांना मात्र खांबाला टेकायची बंदी आहे. टेकले की संपलं.

माणूस जागा की झोपलेला, हे मेंदूतल्या विजेच्या लहरी सांगतात. माणसाच्या मेंदूतल्या या लहरी पहिल्यांदा कागदावर उतरवल्या त्या जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी, १९२४ साली. हा गृहस्थ तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडून थोडक्यात वाचला. त्याच दिवशी दूर घरी बहिणीच्या मनात चर्र झालं आणि तिने वडिलांना तार करायला लावली. एका मनातलं दुसऱ्या मनात जातं कसं, हे शोधायला बर्गर निघाले आणि हाती लागली अल्फा लहर. डोळे मिटून निवांत, पण जागं बसलं की ती सेकंदाला आठ ते तेरा वेळा हेलकावते. डोळे उघडून कामाला लागलं की अल्फा विरते आणि तिच्याहून वेगवान बीटा पुढे येते. पेंग येऊ लागली की अल्फाही मोडते आणि चार ते आठच्या चालीची थीटा शिरते.

आता डोळे मिटून डोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात अल्फा आहे की थीटा, हे तारा लावल्याशिवाय कोण सांगणार? मामांची सगळी भिस्त या संशयाच्या फायद्यावर.

"मामा, झोप लागली व्हती का?"

"झोप कसली! मन लागलं व्हतं."

पण खूण आहे. बोट तारेवर इमानाने चालू राहतं, वीणेची मान हळूहळू कलते आणि तोंडातल्या 'ज्ञानोबा-तुकाराम'मधले तुकाराम आधी गळतात. मग नुसतेच ज्ञानोबा, तेही अर्धे. अशी क्षणभराची डुलकी उघड्या डोळ्यांनीही लागते, आणि ज्याला लागते त्याला पत्ता नसतो.

यावर उपाय म्हणून शेजारी एक टाळकरी उभा करतात. दिसलेल्या गोष्टीला हात हलायला साधारण पाव सेकंद लागतो, ऐकलेल्याला त्याहून कमी; डोळ्याच्या पडद्यावर उजेडाचं काम व्हायला वेळ लागतो, कानाचं झटपट उरकतं. म्हणून मामांच्या तोंडावर बॅटरी न मारता कानाशी टाळ वाजवायचा.

यंदा टाळही हरला. तीनदा नावाने हाका मारल्या, त्याही वाया. शेतपंपांसाठी दहाला यायची थ्री फेज लाईट अडीचपर्यंत आली नव्हती. अचानक लांब कुठल्याशा विहिरीवरची मोटार घुमली. आम्हाला ती ऐकूही आली नाही, पण मामांचे डोळे खाडकन उघडले. झोपेतही मेंदू कामाचे आवाज निवडून घेतो, लेकराचं रडणं आईला उठवतं ते त्यामुळेच. आपली लाईट ५० हर्ट्झची. मेंदूचा आलेख काढताना तिची लुडबुड यंत्रातून गाळून टाकावी लागते. मामांच्या मेंदूत ती गाळणी बसवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

"धर रे," म्हणत त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. दारं धरायला जायचं तर वाटेत ऊस, आणि उसात बिबट्या. आवाज करत जावं, म्हणून टाळकऱ्याचे टाळही घेतले. थोड्याच वेळात उसाकडून टाळांचा दणका आणि मामांचा खणखणीत गजर ऐकू आला. त्यात ज्ञानोबाही पूर्ण होते आणि तुकारामही पूर्ण.