ड्रोनभाऊ

दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी, कुठल्याही तालुक्यात उन्हाळ्यात लग्नाला जा, मांडवाबाहेर आभाळाकडे तोंड करून उभा असलेला एक इसम दिसेलच. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात पट्ट्याला लटकवलेला रिमोट. हा ड्रोनभाऊ. त्याचं पाळण्यातलं नाव आता आधार कार्डापुरतं उरलं आहे. नवरदेव घोडीवरून उतरतो तो याच्या "हं, उतरा आता" या आज्ञेनं, आणि याला बॅटरी बदलायची असली की मंगलाष्टकांत एखादं कडवं वाढतं.

2018 साली राळेगाव-पांढरकवड्याच्या रानात टी-1 वाघिणीच्या शोधासाठी ड्रोनही उडवले होते. ड्रोनभाऊ तेव्हा बारावीची परीक्षा दुसऱ्यांदा देत होता. पण सांगतो असा, की "मले बलावलं असतं तं पयल्याच दिवशी दाखोली असती!"

अशा माणसाच्या व्हिडिओत यंदा मांडवाचे खांब शेवयांसारखे वळवळले. नवरीच्या मामानं विचारलं, "काहून बावा, भूकंप आला होता काय?"

ड्रोनभाऊनं आधी वाऱ्याला धरलं. त्या दिवशी पान हलत नव्हतं, हे सिद्ध झाल्यावर सॅटेलाइटला. मग सरकारला: 2022 च्या फेब्रुवारीत परदेशी ड्रोनची आयात बंद झाली, तेव्हापासून म्हणे जुन्या ड्रोनचंही कामात मन लागत नाही. मग डीजेच्या दणक्याला. पण डीजेवाला सख्खा साळा निघाल्यामुळे तो आरोप त्याच रात्री जेवणाआधी मागे घेण्यात आला. शेवटी नजर लागली असं ठरलं आणि ड्रोनच्या पोटाला लिंबू-मिरची बांधली गेली. त्या वजनानं थरथर दुप्पट झाली.

गंमत म्हणजे ड्रोनभाऊला विद्या सगळी येते. गिम्बलमधल्या तीन इवल्या मोटारी कॅमेऱ्याला तिन्ही अंगांनी सावरतात. वाऱ्याचे सावकाश हेलकावे त्या सांभाळतात, पण पंख्यांची बारीक, वेगवान थरथर रबरी बुशांनी जिरवायची असते. ती कॅमेऱ्यापर्यंत पोचली की घोटाळा. कारण सेन्सर चित्र एका दमात टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीवर येईपर्यंत कॅमेरा हललेला असतो, आणि सरळ खांब वाकडा उमटतो. म्हणून आधी पंख्याची कड पाहायची, मग स्क्रू, मग बुशा. हे व्याख्यान तो पानठेल्यावर फुकट देतो.

पण दुखणं स्वतःच्या ड्रोनचं असलं की काही शे रुपयांचा पंखा हे कारण त्याला कमीपणाचं वाटतं. रोग कसा, मोठा पाहिजे! म्हणून त्यानं कॅलिब्रेशन काढलं. त्याला सपाट जागा लागते. ती गावात एकच, व्यायामशाळेतला कॅरम बोर्ड. दोन संध्याकाळी पोरांचा खेळ बंद पडला. ड्रोन बोर्डाच्या मध्यावर बसून माना वेळावत राहिला आणि खांब वळवळतच राहिले.

तिसऱ्या संध्याकाळी कंटाळलेला भाचा म्हणाला, "मामा, ह्या पंख्याचा टवका उडाला न. त्या दिवशी कडुनिंबात घुसला होता तो."

"तुले काय समजते बे? अभ्यास कर!"

रात्री गुपचूप पंखा बदलला गेला. दुसऱ्या दिवशीच्या वरातीत सगळे खांब ताठ. हलत होते ते फक्त वराती, आणि त्याला इलाज नव्हता.

आठवडाभरात नेरचा एक होतकरू पोरगा थरथरता ड्रोन घेऊन आला. ड्रोनभाऊनं गॉगल कपाळावर चढवला, पंख्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि डोळे मिटून निदान केलं, "पंखा! मी तं पयल्यापासून सांगतो, निम्मे रोग पंख्यातच रायते. पन लोक ऐकतेत कुठी? दोनशे रुपये तपासनीचे."

भाच्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला चहा आणायला पिटाळण्यात आलं.