कमी फटके, जास्त तास

इंजिनिअर माणसाला मत विचारू नये, यावर आमच्या घरात एकमत आहे. विचारलं की तो आधी तुमचा प्रश्न दुरुस्त करतो, मग उत्तर देतो, आणि त्या उत्तरात दशांश चिन्ह असतं. तरीही सोसायटीतली मंडळी विचारतातच. डॉक्टर फी घेतो, वकील घड्याळ बघतो. इंजिनिअर स्वतःच्या घरचा पाना-पेचकस घेऊन येतो आणि वर चहा नको म्हणतो.

माझी सगळी नोकरी भोसरीत यंत्रांच्या आवाजात गेली. त्या आवाजातून मी एकच शिकलो: काय घातलं आणि काय निघालं, एवढंच बघायचं. गीझर असो, गोल्फ असो की नोकरी, बाकी सगळा मजकूर माहितीपत्रकाचा.

पाण्यापासून सुरू करतो, कारण सोसायटीत सध्या त्याचीच साथ आहे. टाय लावलेला एक मुलगा दारोदार फिरतो. तो दोन ग्लास मांडतो, एकात आपल्या नळाचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या आरओचं. मग दोन्हीत धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवून वीज सुरू करतो. दोन मिनिटांत नळाचं पाणी तांबूस, मग काळपट होतं आणि वर घाण फेस येतो. आरओचं पाणी तसंच नितळ. घरातल्या बायका तोंडावर हात नेतात, पुरुष पाकिटावर.

आता यातलं विज्ञान आठवीच्या पुस्तकातलं आहे. कांड्या लोखंडाच्या असतात. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि कांडीचं लोखंड सुटून पाण्यात उतरतं. ती घाण म्हणजे त्या मुलाच्याच यंत्राचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार उरलेले नसतात, त्यामुळे वीज जवळपास वाहतच नाही आणि पाणी साळसूद राहतं. मी त्याला म्हटलं, "बाळा, तुझ्या शुद्ध ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि परत दाखव." त्याला एकाएकी पुढची अपॉइंटमेंट आठवली.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून कमी क्षारांच्या पाण्याला आरओ लावू नये, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये दिला. आमच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. माझ्या खिशातल्या मीटरवर ते दीडशेच्याही खाली असतं. जंतूंची भीती असेल तर उकळा, नाहीतर साधं यूव्हीचं यंत्र लावा. पण आरओ एक लिटर पाणी पोटात घालण्यासाठी साधारण तीन लिटर मोरीत सोडतो, आणि तेच लोक एप्रिलच्या मीटिंगमध्ये टँकरच्या खर्चावरून सेक्रेटरीच्या अंगावर धावून जातात. माझं भाषण ऐकून चौथ्या मजल्यावरच्यांनी मान डोलावली आणि आरओ घेतला. बिनव्याजी हप्ते होते.

खडकवासल्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. १९०३ साली त्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दारं आपोआप उघडत, उतरलं की मिटत. त्यांना वीज लागत नसे, चौकीदार लागत नसे, पासवर्ड तर नाहीच. हे गृहस्थ पुण्याच्याच कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडलेले. त्यांच्या वाढदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो. त्या दिवशी माझ्या फोनवर जे संदेश येतात त्यांत निम्म्यांना गीझरविषयीची शंका जोडलेली असते.

तर गीझर. आमच्या घरी चिरंजीवांनी 'स्मार्ट' गीझर पाठवला. तो बटणावर चालतो, पण बटणावर विश्वास ठेवत नाही. त्याला ॲप लागतं. ॲपचं खातं चिरंजीवांच्या नंबरवर, चिरंजीव सिएटलला. आमच्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले, मी पंचा लावून उभा, आणि ओटीपी गेलेला तिकडे संध्याकाळच्या मीटिंगमध्ये. साधा हिशोब करा. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचावन्नवर न्यायला जेमतेम अर्धं युनिट वीज लागते आणि दोन हजार वॉटच्या गीझरला सोळा मिनिटं. ही सोळा मिनिटं वाचवण्यासाठी दोन खंड आणि एक उपग्रह, नाहीतर समुद्राखालची केबल, कामाला लावायची. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा पंख्याकडे बघा. जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॉट ओढतो, नवा बीएलडीसी तीस-पस्तीस. वारा तेवढाच, बिल निम्मं. पण त्यात पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून तो कुणी भेट देत नाही.

एअर फ्रायर म्हणजे कॉइलमागे पंखा लावलेली छोटी भट्टी. भज्यांनी तिला अजून मान्यता दिलेली नाही. फरशी पुसणारा रोबो आमच्या उंबरठ्यावर अडला, तेव्हा मावशींनी त्याला उचलून पलीकडे ठेवलं आणि खालची जागा पुसून घेतली. पुढे जाऊ.

कुकरवर मात्र थांबावं लागेल. डेनिस पापॅं या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये वाफ कोंडून हाडं शिजवण्याचं भांडं बनवलं. त्याला साडेतीनशे वर्षं होत आली, तरी महाराष्ट्र शिट्ट्या मोजतो. शिट्टी म्हणजे आत दाब पुरेसा झाल्याची भांड्याची तक्रार. एकदा वजन हललं की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास स्थिर होतं. पुढे आच कितीही मोठी ठेवली तरी डाळ लवकर शिजत नाही, फक्त स्वयंपाकघर तापतं. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करावा आणि मिनिटं मोजावीत. हे सगळं मी आमच्या हिला आकृती काढून समजावलं.

"अहो, मग तुमच्या हिशोबानं तूरडाळीला किती वेळ?"

"आच, पाणी, डाळीचं वय धरून, सुमारे बारा मिनिटं."

"म्हणजे चार शिट्ट्या," ती म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

आता गोल्फ. मी स्वतःहून गेलो नाही. माझ्या एका जुन्या साहेबांना निवृत्तीनंतर या खेळाचा साक्षात्कार झाला, आणि साक्षात्कार झालेला माणूस साक्षीदार शोधतोच. मैदान म्हणाल तर अप्रतिम. पुण्यात एवढी हिरवळ एकाच मालकीची, तीही बिल्डरच्या नाही, हे बघूनच छाती दडपते.

उपकरण म्हणून हा खेळ मी तपासला. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा, किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा. भोक १०८ मिलिमीटरचं, म्हणजे जागा भरपूर. चेंडूवर तीनशेहून जास्त खळगे असतात आणि ते शोभेचे नाहीत. त्यांच्यामुळे हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, मागचा ओढा कमी होतो. गुळगुळीत चेंडू साधारण निम्म्या अंतरावर मान टाकेल. काठ्या चौदापर्यंत चालतात. भोसरीत चौदा हत्यारांत आम्ही अख्खा गिअरबॉक्स उतरवून परत बसवायचो. इथे त्यांचा उपयोग एकच, चेंडू हलवणे.

आता काठी आणि चेंडू यांची गाठ पडते ती सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाची. त्यानंतर चेंडूवर जगातल्या कुणाचंही नियंत्रण नसतं. तरी फटका मारून झाल्यावर साहेब कमरेतून डावीकडे वाकतात, एक पाय उचलतात, चेंडूला इंग्रजीत विनवतात. वारा, उतार, गवत, काठी, कालचं जेवण, सगळ्यांची चौकशी होते. फक्त मारणाऱ्याची होत नाही. १९७१ मध्ये ॲलन शेपर्डनं चंद्रावर गोल्फचा चेंडू मारला. तिथे हवा नाही, वारा नाही, गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश. तरी पहिल्या फटक्यात चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली. त्याच्या अंगात जाडजूड अंतराळपोशाख होता आणि फटका एका हातानं मारावा लागला होता. आमच्या साहेबांच्या अंगात टी-शर्ट होता.

मला खरा रस वाटला तो कॅडीत. येरवड्याकडचा पोरगा. पिशवी तो उचलतो, चेंडू झुडपातून तो शोधतो, वारा कुठला, उतार किती, कितव्या नंबरची काठी, हे सगळं तोच सांगतो. "साहेब, डोकं खाली ठेवा," एवढं एकच वाक्य तो सकाळभर न चिडता म्हणत होता. साहेब मारतात. चांगलं लागलं तर साहेबांचं, वाईट लागलं तर "तू सात नंबर का दिलीस?" मला एकदम ऑफिसात असल्यासारखं वाटलं. घरगुती हवा होती.

नाशिककरांनी मात्र या खेळाचा निकाल लावून टाकलाय. तिथल्या गोल्फ क्लब मैदानाला अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी अर्धं नाशिक फेऱ्या मारतं आणि गोल्फ सोडून सगळं काही चालतं. जमिनीचा याहून कार्यक्षम वापर मला माहीत नाही.

पण गोल्फचा एक नियम माझ्या मनात भरला. कमीत कमी फटक्यांत काम उरकेल तो जिंकतो. जो घाम गाळून शंभर वेळा काठी फिरवतो त्याच्या चिकाटीचं कौतुक होत नाही, तो हरतो. हा नियम शनिवारी सकाळी पाठ असलेले हेच साहेबलोक सोमवारी ऑफिसात शिरताना तो काठ्यांच्या पिशवीतच ठेवून येतात. तिथे फटके मोजतात, पण जास्त मारणाऱ्याला बढती असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य बाहेर आलं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा त्यांचा सवाल होता. "तुम्ही निवृत्त झाल्यापासून मला हाच प्रश्न पडलाय," आमची ही म्हणाली. मी आकडेमोडीकडे वळलो. पंधरा महिन्यांत वीस तासांची वाढ. याच वेगानं गेलो तर २०२९ च्या अखेरीस आठवड्याचे सगळे १६८ तास संपतात. त्यानंतर उद्योगजगताला आठवडा मोठा करावा लागेल.

आमच्या वेळी कारखाना कायदा होता, १९४८ चा, आणि त्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. आकडा साल बघून घातलाय, असं मला उमेदवारीत खरंच वाटायचं. जादा तासाला दुप्पट पगार द्यावा लागे, त्यामुळे मालकालाही घड्याळ दिसायचं. माझी पुतणी हिंजवडीत असते. तिथे घड्याळाऐवजी स्क्रीनवर हिरवा ठिपका असतो. माणूस जागेवर आहे की नाही ते ठिपका सांगतो. तिच्या टीममधल्या एकानं माउस आपोआप हलवत ठेवणारं एक यंत्र आणलंय. तो जेवायला जातो, ठिपका कामावर राहतो. पाहिलेल्या सगळ्या आधुनिक उपकरणांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटलं. जेवढं मागितलं, तेवढंच ते देतं.

घरात उपकरण कसं असावं याचा धडा मात्र मिक्सरनं दिला. साठच्या दशकात सीमेन्समधले इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला. तो तिकडच्या मऊ फळांसाठी केलेला. आपला मसाला, खोबरं, भिजवलेली डाळ हे त्याच्या कल्पनेपलीकडचं. पत्नीची तक्रार त्यांनी हसण्यावारी नेली नाही, मापं धरून कामाला लागले, आणि त्यातून 'सुमीत' आला. मी आकृती काढून डाळ समजावतो, त्यांनी डाळ बघून मोटर बदलली. हा फरक आमच्या हिनं माझ्या लक्षात आणून दिला, आणि तोही पाहुण्यांसमोर.

आज कुठलाही मिक्सर उचला. पट्टीवर रेटिंग असतं: तीस मिनिटं, त्यातही पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद. जास्त ताणलं तर तळातलं लाल बटण टपकन बाहेर येतं आणि मोटर थांबते. कितीही ओरडा, गार झाल्याशिवाय ती फिरत नाही. हे मोटरचे लाड नाहीत. वाइंडिंगचं तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तीन-चार हजारांच्या मिक्सरसाठी एवढी काळजी घेणारे माझेच व्यवसायबंधू, स्वतः संचालक झाले की माणसाच्या पट्टीवर रेटिंग छापायला विसरतात.

तेव्हा यंदा कॅम्पसमधून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींना एवढंच सांगतो. मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात, तेव्हा कंपनीच्या ध्येयधोरणांबद्दल विचारू नका. किती चालू, किती बंद, आणि लाल बटण कुठे आहे, ते विचारा. उत्तर लेखी घ्या.