टॉम क्रूझचं देऊळ

टँपा, फ्लोरिडा



दादा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या बाजूला टॉम क्रूझचं देऊळ आहे म्हणे, खरं का?" तेवढ्यात आईनं फोन घेऊन मी जेवलो का ते विचारलं आणि देऊळ राहून गेलं. तसाही हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

देऊळ टॉम क्रूझचं नाही, तो तिथला नावाजलेला भक्त. पंथाचं नाव सायंटॉलॉजी. आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर क्लिअरवॉटर हे समुद्रकाठचं गाव, तिथं त्यांचं मुख्य पीठ. १९७५ साली त्यांनी तिथलं फोर्ट हॅरिसन नावाचं जुनं हॉटेल विकत घेतलं. कागदावर मात्र नाव दुसऱ्याच कंपनीचं, आणि गावाला सांगितलं की युनायटेड चर्चेस ऑफ फ्लोरिडा येतंय. मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर घ्यायची कला फक्त आपल्या तहसिलीतच मुरलेली आहे, असा माझा समज होता. पण इथले पेपरवाले चिवट. त्यांनी सगळं उकरून काढलं. सेंट पीटर्सबर्ग टाइम्सला या पंथावरच्या बातम्यांसाठी १९८० चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

संस्थापक एल. रॉन हबर्ड. हे गृहस्थ मुळात विज्ञानकथा लिहायचे. १९५० मध्ये त्यांनी 'डायनेटिक्स' हे पुस्तक काढलं, ते धडाक्यात खपलं, आणि चार वर्षांत लॉस एंजेलिसला चर्च उभं राहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस म्हणजे शरीर नव्हे, थेटन, म्हणजे आत्मा. तो अब्जावधी वर्षं जन्म घेत आलाय. जुन्या आघातांचे ठसे मनात साचतात आणि आज त्रास देतात. ते धुऊन काढले की माणूस 'क्लिअर' होतो. मी हे सांगितलं तेव्हा सौ. पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "यात नवीन काय? चौऱ्याऐंशी लक्ष योनी आपल्याला पहिलीपासून पाठ आहेत."

आता त्यांच्याशी आमची गाठ कशी पडली ते ऐका. डिसेंबरात ते क्लिअरवॉटरला मुलांसाठी मोठी जत्रा भरवतात. सांताक्लॉज, तट्टावरची रपेट, दिव्यांची आरास. येणाऱ्यांकडून गरजूंसाठी खेळणी आणि डबाबंद अन्न गोळा करतात. उपक्रम चांगला आहे, नावं ठेवायला जागा नाही. आम्ही छोल्यांचे दोन डबे दिले. या पंथाशी आमचा आर्थिक व्यवहार तेवढाच, तेव्हा काळजी नसावी.

नंतर एकदा बाजारात त्यांचं टेबल दिसलं: 'मनावरचा ताण फुकट मोजून मिळेल.' फुकट म्हटल्यावर हिंगोलीचा माणूस थांबणारच. टेबलावर ई-मीटर नावाचं यंत्र. त्याच्या दोन वायरींना दोन गुळगुळीत नळकांडी, ती दोन हातांत धरायची. (पूर्वी म्हणे सूपचे रिकामे डबेच वापरत.) अंगातून अगदी बारीक वीज जाते आणि काटा हलतो. पिवळ्या शर्टातला मुलगा अदबीनं म्हणाला, "ताण देणाऱ्या माणसाचा विचार करा." सौ.नं नळकांडी धरली, डोळे मिटले आणि काटा पार उजवीकडं गेला. कुणाचा विचार केला ते तिनं अजून सांगितलेलं नाही. मी विचारायचं सोडून दिलंय. आई, तू मनाला लावून घेऊ नकोस.

या यंत्रावर १९६३ मध्ये इथल्या सरकारची धाड पडली होती. पुढं कोर्टानं बजावलं की याच्यानं कुठलाही रोग बरा होत नाही, हे यंत्रावर छापा. त्या टेबलावरच्या मुलाला मी सांगितलं, आमच्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोचं यंत्र व्हायचंय, त्याची मंजुरीच २,६०० कोटींची. अंतराळातून आलेली थरथर मोजायला तेवढा खर्च येतो, हे ऐकून त्याला बरंच नवल वाटलं.

त्यांची व्यक्तिमत्त्वाची परीक्षाही फुकट असते, दोनशे प्रश्नांची. ती वाचताना मला गोरोबाकाका आठवले. संतांच्या मेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले, नामदेवांपाशी येऊन म्हणाले, हे मडकं कच्चं! आपल्या नर्सीच्या नामदेवांना दोनशे प्रश्न लागले नाहीत. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले आणि पक्के झाले. विसोबांनी पावती फाडल्याचं कुठल्या कीर्तनात ऐकलं नाही.

इथं मात्र पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला दर आहे. 'क्लिअर'च्या वर आठ पायऱ्या, शेवटची फ्रीविंड्स नावाच्या जहाजावर मिळते. वरपर्यंत जाईस्तोवर लाखो डॉलर गेले, असं सोडून आलेले सांगतात. तिसऱ्या पायरीवर गुप्त कथा कळते: साडेसात कोटी वर्षांपूर्वी झेनू नावाच्या आकाशगंगेच्या राजानं माणसं पृथ्वीवर आणून ज्वालामुखींपाशी बॉम्बनं उडवली. १९८५ मध्ये कोर्टाच्या कागदांतून ती फुटली आणि पेपरात छापून आली. आपला कीर्तनकार पहिल्याच रात्री सगळी कथा सांगतो, वर खिचडीचा प्रसाद असतो.

पूर्णवेळ सेवकांची 'सी ऑर्ग' नावाची तुकडी आहे, नौदलासारखे गणवेश घालणारी. ते करार करतात शंभर कोटी वर्षांचा! वटपौर्णिमेला सात जन्मांचं ऐकून मी उगीच धास्तावायचो.

कर मात्र भरावा लागत नाही. अमेरिकेच्या आयकर खात्याशी ते वर्षानुवर्षं भांडले आणि १ ऑक्टोबर १९९३ ला धर्म म्हणून करमाफी मिळवली. दादा, तारीख तुमच्या लक्षात राहील. आदल्याच पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता.

भूकंप-वादळात यांचे पिवळे शर्टवाले मदतीला धावतात, २००४ च्या त्सुनामीत आपल्या देशातही आले होते. 'द वे टू हॅपिनेस' नावाची पुस्तिका वाटतात, एकवीस उपदेशांची. त्यात दात नीट ठेवा, आईवडिलांचा मान राखा, असंही आहे. आई हे चाळीस वर्षं सांगतेय, तेही न छापता.

इथवर हसण्यावारी नेलं. पण एक गोष्ट मला पटत नाही. पंथाला विरोध करणाऱ्या माणसाशी, मग ते सख्खे आईबाप का असेनात, संबंध तोडायची प्रथा त्यांच्यात आहे. संस्था म्हणते, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण सोडून आलेली कित्येक माणसं पोरांच्या फोनची वाट बघत बसलीत. झेनूवर कुणी विश्वास ठेवला तर माझी हरकत नाही. आपल्याकडंही समुद्र पिऊन टाकणारे ऋषी आहेतच. पण आईबापांशी बोलू नको म्हणणारा देव आपल्या कामाचा नाही, मग तो क्लिअरवॉटरचा असो की आपल्याकडच्या एखाद्या बाबाच्या मठातला.

धाकट्या काकांच्या बाळूनं मोबाइलवर अशीच एक फुकटची व्यक्तिमत्त्व चाचणी दिली म्हणे. कुणाची होती कोण जाणे. त्याला सांगा, निकाल घ्यायला कुणी बोलावलं तर एकट्यानं जाऊ नको, आणि नंबर द्यायचा असेल तर आधी घरात विचार.

तुमचा,
संजू