पूर्णत्वाचा दाखला

नोकरीत असताना मी आराखडे करत असे. पाझर तलावाचे, शाळाखोल्यांचे, नळयोजनांचे. आमच्याकडची कामं आधी कागदावर पुरी होत आणि मग सवडीने जमिनीवर सुरू होत. काही तर तेवढाही त्रास घेत नसत. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून मी घरातल्या कामांचे आराखडे करू लागलो. ‘वार्षिक तिखट कुटाई : प्रस्तावित कार्यक्रम’ हा माझा कागद हिने लोणच्याच्या बरणीखाली घातला आणि म्हणाली, “एवढीच हौस आहे तर कुठं फिरायला न्या. त्याचा करा आराखडा.”

प्रस्ताव तत्त्वतः मंजूर झाला, असं मी मानलं.

राजुऱ्याच्या माणसाला रेल्वेचं अप्रूप नसतं. वर्धा नदी ओलांडली की बल्लारशा, आणि बल्लारशावरून उत्तर-दक्षिण अख्खा देश जातो. १९२९ साली निजामाच्या रेल्वेचा काझीपेठकडून आलेला रूळ इथे इंग्रजांच्या रुळाला मिळाला आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडली गेली. तेव्हापासून जगाचे लोक आमच्या शेजारून झोपेत जातात. मी नकाशा पसरला आणि त्या एका मार्गावर बोट फिरवलं : झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. एकाला एक लागून, मोत्यांसारखी. झाशी ते ग्वाल्हेर शंभर किलोमीटरही नाही, तिथून आग्रा सव्वाशेच्या आत. फक्त उतरायचं, बघायचं, चढायचं.

पहिल्या आराखड्यात आग्रा शुक्रवारी पडलं. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. आग्रा शनिवारी सरकवलं तर दिल्ली सोमवारी जाऊन पडली आणि सोमवारी लाल किल्ला बंद. शहाजहानने दोन्ही वास्तू बांधल्या, पण सुट्ट्यांचा ताळमेळ बघणारा कुणी कारकून त्याच्या दरबारी नसावा. त्यात बरोबर येणाऱ्या साळेबुवांचे बैल. खांदशेकणीच्या आत परत यायचं, नाहीतर पोळ्याला बैलांना तोंड कसं दाखवू, ही त्यांची अट. इतिहासाशी त्यांचं वैर नव्हतं. आग्र्याचा पेठा मिळणार असेल तर ते इतिहास सोसायला तयार होते. हिचे श्रावणी सोमवार. मी सुधारित आराखडा केला, मग पुनर्सुधारित, मग ‘अंतिम’, मग ‘अंतिम (नवीन)’.

तिकिटांचा विषय निराळाच. आरक्षण आता साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. पुण्याहून चिरंजीव मोबाइल घेऊन बसले, इकडून मी फोनवर सूचना देत बसलो. “बाबा, झाशी सापडत नाही,” तो म्हणाला. काही वर्षांमागे झाशी स्टेशनाला वीरांगना लक्ष्मीबाईंचं नाव दिलं, हे त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, “सांगेपर्यंत प्रतीक्षायादी लागली.” मग दुसरी गाडी, तिसरी गाडी. शेवटी चार जागा मिळाल्या, त्यातली एक खालची. ती अर्थातच आत्याची.

आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जन्मात राजुऱ्याबाहेर फारशी गेली नाही, तरी तिच्याइतका प्रवास आमच्यात कुणी केला नाही. जन्मली तेव्हा राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ ला ते मुंबई राज्यात आलं आणि जोडलं गेलं नांदेडला. १९५९ ला चांदा जिल्ह्यात. १९६४ ला चांद्याचंच चंद्रपूर झालं. घराची चूल जागची हलली नाही आणि पत्ता तीनदा बदलला. तिच्या लहानपणी नदीपलीकडे जाणं म्हणजे परमुलखात जाणं. आजोबा डोंग्यात बसून बल्लारशाची गाडी धरायला जात, तर आजी त्यांना ओवाळून पाठवी.

एवढ्या यादीत आत्याला फक्त झाशीत रस होता. १९५७ साली, सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली म्हणून, शाळेत नाटक बसवलं होतं. राणी झाली एका मालदाराची मुलगी. आत्या घोडा झाली. पुढचे पाय.

“मागचे पाय कोण होतं?” साळेबुवांनी विचारलं.

“मेली ते मागच्या साली,” आत्या म्हणाली, आणि पुऱ्यांचं पीठ मळायला घेतलं.

निघायच्या आदल्या रात्रीपासून पाऊस. सकाळी फोन सुरू झाले : वरच्या धरणांची दारं उघडली. पैनगंगाही वर्धेला येऊन मिळाली असल्यामुळे आमच्यापर्यंत पाणी येतं ते दोन नद्यांचं. दुपारी आम्ही सामान घेऊन पुलाच्या तोंडाशी पोचलो, तर पूल नव्हता. म्हणजे होता, पाण्याखाली होता. वर तांबडं पाणी, त्यातून वाहत जाणारं एक आख्खं झाड आणि अलीकडे पोलिसांचा अडथळा. अडथळ्याशी जत्रा भरलेली. पूर बघायला गाव लोटलेलं, एक भजेवाला छत्रीखाली कढई घेऊन बसलेला, पोरं पुराकडे पाठ करून फोटो काढताहेत.

आराखड्यात तेराशे किलोमीटरचा तास-मिनिटांत हिशेब होता. पहिल्या दहा किलोमीटरसमोर मी नुसतं ‘ऑटो’ असं लिहिलं होतं.

अशा वेळी राजुऱ्यात तज्ज्ञांची टंचाई नसते.

“सास्तीकडून जा ना, भाऊ.”

“सास्ती बंद हाय. गडचांदूरकडून भोयगावनं निघा.”

“भोयगाव सकाळपासून पाण्यात हाय. तुमी असं करा, लक्कडकोटकडून तेलंगणात घुसा, कागजनगरले जा अन् तिथूनच गाडीत बसा. तेच गाडी येते ना?”

दिल्लीला जाण्यासाठी आधी तेलंगणात जायचं, ही सूचना मला रुचली होती. चिरंजिवांना फोन लावला. ते म्हणाले, चढण्याचं स्टेशन पुढचं करता येतं, मागचं करता येत नाही. बल्लारशाऐवजी नागपूर चालेल, कागजनगर चालणार नाही. नियम मला पटला. इतका तर्कशुद्ध आणि इतका निरुपयोगी नियम आमच्या खात्यातसुद्धा नव्हता.

इथे हसणं जरा थांबवतो. आम्ही फिरायला निघालो होतो. राहिलं तर राहिलं. पण त्याच अडथळ्याशी एक पोरगी फाइल छातीशी धरून उभी होती, दुसऱ्या दिवशी तिचा नागपूरला पेपर. ऑटोत एक म्हातारा, डायलिसिसला चंद्रपूरला निघालेला. पावसाळा आला की हा रस्ता बंद पडतो आणि दरवेळी आपण भजे खात पूर बघतो. मी स्वतः आराखडे करणारा माणूस. पुलाचे आराखडे कसे फिरत राहतात हे मला कुणी शिकवायला नको. त्या पोरीकडे बघवेना.

मार्ग तिनेच काढला. “काका, माणिकगडवरून पॅसेंजर आहे. रेल्वेचा पूल उंच असते ना.”

माणिकगड हे स्टेशन राजुऱ्याच्या बाजूला, नदीच्या अलीकडे. माणिकगड हा किल्ला मात्र तिकडे जिवतीच्या डोंगरात. किल्ला बघायला येणारा परप्रांतीय या फलाटावर उतरला तर त्याला किल्ल्याऐवजी कोळसा दिसेल. आम्ही दोन ऑटो करून तिथे पोचलो, पोरगी आमच्याबरोबर. म्हाताऱ्याला त्याच्या मुलाने खांद्यावर घेतलं होतं. पॅसेंजर कुठे आहे? कागजनगरच्या अलीकडे कुठेतरी. केव्हा येईल? आली की येईल.

तेवढ्यात माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी मी कुणाला सांगितली नाही. आमची दिल्लीची गाडी दक्षिणेकडूनच येणार. म्हणजे याच रुळावरून, याच फलाटासमोरून, आमच्या चार रिकाम्या जागा घेऊन ती धडधडत जाणार आणि नदीपलीकडे बल्लारशाला थांबून आमची वाट बघणार. आम्ही इकडून तिला टाटा करणार. एक मालगाडी कोळशाची गेली, एक सिमेंटची. आत्याने डबा उघडून सगळ्यांना तिखटमिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी वाटली. त्या पोरीला दोन जास्त.

आणि ती आली. लांबून भोंगा, मग इंजिन. मी डबे मोजायला उभा राहिलो, निदान आपला डबा तरी बघावा म्हणून. पण वेग कमी होत गेला, होत गेला, आणि गाडी फलाटाला लागून चक्क उभी राहिली. पुढे सिग्नल लाल. मघाची सिमेंटची मालगाडी बल्लारशाच्या तोंडाशी अडकली होती.

“चढा!” ही ओरडली. एरवी हिला ऑटोत बसायला वेळ लागतो.

आमचा डबा कोणता हे पाहायला सवड नव्हती. समोर दार होतं, त्यात चढलो. साळेबुवांनी म्हाताऱ्याला वर घेतलं, पोरगी स्वतःच उडी मारून आत. आत्याला चढवायला मी हात पुढे केला, तर तिने दांडी धरली, पाय टाकला आणि वर. पुढचे पाय अजून शाबूत होते.

आत टीसी उभे होते. त्यांनी तिकीट बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं.

“आपका बोर्डिंग बल्लारशाह से है.”

“बरोबर.”

“ये माणिकगढ़ है.”

“बरोबर.”

“तो यहाँ से वहाँ तक आप विदाउट टिकट हैं.”

एवढा बिनतोड मुद्दा ऐकून मला आमच्या लेखापरीक्षकांची आठवण झाली. काय उत्तर द्यावं या विचारात होतो तोच सिग्नल पडला आणि गाडी पुलावर आली. खाली वर्धा. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणी, मधे झाडांचे शेंडे.

आत्याने टीसींना खिडकीपाशी बोलावलं. “पाहा,” ती म्हणाली. “पावती फाडाची असंन तर फाडा, बापू. पन नदी सरेपर्यंत फाडून होते का पाहा.”

टीसींना मराठी किती कळलं कुणास ठाऊक. ते बराच वेळ खाली बघत राहिले. नदी सरली, बल्लारशा आलं. म्हातारा आणि त्याचा मुलगा उतरून चंद्रपूरच्या ऑटोकडे गेले. पोरगी नागपूरच्या जनरल डब्याकडे पळाली. टीसींनी यादी उघडली आणि आमच्या नावांपुढे खुणा केल्या. “अब चढ़े आप लोग,” ते म्हणाले.

हयातभर कामं कागदावर आधी आणि प्रत्यक्षात नंतर झालेली पाहिलेला मी. यावेळी प्रत्यक्षात आधी चढलो आणि कागदावर नंतर.

पुढचं सगळं आराखड्याप्रमाणे झालं, म्हणून सांगण्यासारखं थोडं आहे. झाशीच्या किल्ल्यावर राणीने उडी घेतल्याची जागा दाखवतात, आत्या कठड्यावरून वाकून बघत म्हणाली, “पाठीवर पोरगं, अन् इतक्यावरून?” आग्र्यात ताज बघितला, पांढरा आहे. १६६६ साली महाराज तिथून निसटले, तेही नियोजनच. पण त्यांनी आपला आराखडा भिंतीला चिकटवून ठेवला नव्हता. साळेबुवांनी पेठा घेतला. दिल्लीत लाल किल्ला उघडा होता आणि आम्ही बंद पडत आलो होतो.

मधलं ग्वाल्हेर सांगायचं राहिलं. किल्ल्यावर चतुर्भुजाच्या लहानशा देवळात शिलालेख आहे, इसवी सन ८७६ चा, आणि त्यात आकडा म्हणून कोरलेलं शून्य. आमच्या बऱ्याच योजनांची फलनिष्पत्ती तिथे अकराशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलेली बघून मी हात जोडले.

संध्याकाळी फूलबागेत राणीच्या समाधीशी गेलो. घोड्यावरचा पुतळा. एक गाईड दहा-बारा जणांना गोष्ट सांगत होता : जून १८५८, मागे इंग्रज, राणीचा जुना घोडा गेलेला, हा नवा. समोर स्वर्णरेखा नाला आला आणि घोडा अडला. “घोड़ा कायर निकला, वरना इतिहास कुछ और होता.”

लोकांनी चुकचुक केली. आत्या गर्दी सारत पुढे गेली.

“कोणता महिना म्हनता तुमी?”

“जून, माताजी.”

“मंग नाल्याले पूर असंन ना! घोड्याले काहून नाव ठेवता? पाण्यापुढं कोनाचं काय चालते? आमी चार दिवसापयले पाहून आलो.”

गाईड गडबडला. हिंदी करून सांगायची पाळी माझ्यावर आली. मी शक्य तेवढ्या कार्यालयीन भाषेत सांगितलं की माताजी स्वतः घोडा होत्या. त्याने त्यांना नमस्कार केला, कशासाठी ते त्यालाही कळलं नसावं. आम्ही बाकावर बसून उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या. दुसरा गट आला. गाईडने पुन्हा सुरुवात केली : जून १८५८, मागे इंग्रज, नवा घोडा, समोर नाला. मग एकदा आत्याकडे चोरून बघितलं आणि म्हणाला, “और उस दिन नाले में, भाइयो, ज़बरदस्त बाढ़ थी.”

“आता बराबर सांगून रायला,” आत्या म्हणाली, आणि डब्यातली शेवटची पुरी त्याच्यासाठी बाजूला काढली.